चेंडू वळतो की डोळा फसतो? कर्व्हबॉलच्या वादाचा इतिहास

१/
सप्टेंबर १९४१. ‘लाइफ’ या अमेरिकेतील विख्यात सचित्र साप्ताहिकाने बेसबॉलच्या जगात खळबळ उडवून देणारा प्रश्न विचारला : पिचरने फेकलेला कर्व्हबॉल हवेत खरोखर वळतो, की तो निव्वळ दृष्टिभ्रम आहे? छायाचित्रकार ग्योन मिली यांनी लखलखत्या दिव्यांच्या साहाय्याने उडत्या चेंडूची छायाचित्रे टिपली होती. ती पाहून साप्ताहिकाने कौल दिला तो भ्रमाच्या बाजूने.

२/
ज्यांची उपजीविकाच या वळणावर चालत होती, त्या खेळाडूंना हा कौल मानवणे शक्य नव्हते. डिझी डीन या पिचरच्या नावावर एक उत्तर आजही सांगितले जाते : ज्याला शंका असेल त्याने झाडाआड उभे राहावे, म्हणजे त्याला दृष्टिभ्रमानेच कसे सडकून काढता येते ते दाखवतो! विनोद बाजूला ठेवला, तरी प्रश्न गंभीर होता. मैदानावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खरा, की कॅमेऱ्याचा पुरावा? या प्रश्नाची मुळे बेसबॉलच्या जन्माआधीची आहेत.

३/
१६७२ साली आयझॅक न्यूटन यांनी प्रकाश आणि रंग यांविषयीचा आपला प्रसिद्ध लेख रॉयल सोसायटीकडे पाठवला. प्रकाशकिरण वक्र मार्गाने जात असतील का, याचा विचार करताना त्यांना टेनिसचा चेंडू आठवला. तिरप्या रॅकेटने फटकावलेला चेंडू वाकडा जातो, हे त्यांनी पाहिले होते. चेंडूला गती आणि फिरकी दोन्ही मिळतात. या दोन गती ज्या बाजूला एकवटतात, तेथे हवेवर दाब जास्त पडतो आणि हवेचा प्रतिकारही तेथेच जास्त होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. प्रकाशाच्या लेखात आलेला हा उल्लेख ओझरता होता आणि तो तसाच राहिला.

४/
पुढचे पाऊल टाकले ते युद्धशास्त्राने. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाचा तोफशास्त्रावरील ग्रंथ १७४२ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदुकीची गोळी नेम अचूक असूनही कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे का भरकटते, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे : गोळी नळीच्या आतील बाजूला घासत बाहेर पडते, त्यामुळे तिला फिरकी मिळते आणि फिरणाऱ्या गोळीला हवाच बाजूला ढकलते.

५/
हे सिद्ध करण्यासाठी रॉबिन्सने केलेला प्रयोग त्याच्या बुद्धीची साक्ष देतो. त्याने बंदुकीच्या नळीचे टोक डावीकडे वाकवले आणि समोर ठरावीक अंतरांवर पातळ कागदांचे पडदे टांगले. नळी डावीकडे वाकलेली, तेव्हा गोळीही डावीकडेच जाणार, असे कोणीही म्हणेल. रॉबिन्सचे भाकीत वेगळे होते. वाकलेल्या नळीत गोळी उजव्या कडेला घासणार, तिला तशी फिरकी मिळणार आणि आरंभी डावीकडे निघालेली गोळी पुढे उजवीकडे वळणार. कागदांवरील छिद्रांनी त्याचेच म्हणणे खरे ठरवले.

६/
तरीही विद्वानांनी ते स्वीकारले नाही. १७४५ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी रॉबिन्सच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले आणि स्वतःची विस्तृत टिपणेही जोडली. त्या शतकातील या सर्वश्रेष्ठ गणितज्ञाने फिरकीची कल्पना मात्र अमान्य केली. गोळी पुरेशी गोल नसल्यामुळे ती भरकटते, असे त्यांचे मत होते. ऑयलर यांचा शब्द मोठा होता. बाजूला ढकलणाऱ्या या बळाचा विचार त्यानंतर दीर्घकाळ मागे पडला.

७/
रॉबिन्सच्या अखेरीचा मराठ्यांच्या इतिहासाशी एक विलक्षण धागा जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून तो हिंदुस्थानात आला आणि जुलै १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. ही जागा इंग्रजांना १६९० मध्ये मिळाली होती ती मराठ्यांकडून. छत्रपती राजाराम महाराज तेव्हा जिंजीत होते आणि मद्रासचा गव्हर्नर होता एलिहू येल. किल्ल्याभोवतीच्या मुलखाची हद्द ठरली तोफेच्या गोळ्याने : गोळा जेथवर पोहोचेल, तेथवरची गावे विकत घेणाऱ्याची. गोळ्याच्या मार्गाचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञाने देह ठेवला, तो गोळ्याच्या टप्प्याने आखलेल्या भूमीत.

८/
शंभर वर्षांनी, १८५२ मध्ये, बर्लिनच्या हाइनरिख गुस्टाव्ह माग्नुस यांनी तोफगोळ्यांच्या संदर्भात हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांनी फिरत्या पितळी नळकांड्यावर हवेचा झोत सोडला आणि त्याच्या दोन बाजूंना वाऱ्याची दिशा दाखवणारी छोटी पाती बसवली. दोन्ही बाजूंचा हवेचा प्रवाह सारखा नसतो, हे त्या पात्यांनी दाखवून दिले. आज या परिणामाला ‘मॅग्नस परिणाम’ म्हणतात. रॉबिन्सचे नाव मात्र अभ्यासकांपुरतेच उरले.

९/
आता अमेरिकेकडे वळू. बेसबॉलमध्ये पिचर चेंडू जमिनीवर टप्पा पडू न देता थेट बॅटरच्या दिशेने फेकतो. त्यामुळे क्रिकेटमधील फिरकी गोलंदाजाप्रमाणे खेळपट्टीची मदत त्याला मिळत नाही. फसवायचे ते हवेतच. विल्यम आर्थर ऊर्फ ‘कँडी’ कमिंग्ज याने पुढे सांगितलेली हकिगत अशी : १८६३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर मित्रांसोबत शिंपले फेकताना ते हवेत वळतात हे त्याने पाहिले. चेंडूही असाच वळवता येईल का, हा ध्यास त्याला तेथे लागला.

१०/
चार वर्षे त्याने सराव केला. १८६७ मध्ये हार्वर्डच्या संघाविरुद्ध खेळताना चेंडू मनाजोगता वळला, असे त्याने लिहून ठेवले आहे. शोधाचे श्रेय सांगणारे दुसरेही पिचर होते आणि कमिंग्जचा दावा इतिहासकारांना निर्विवाद वाटत नाही. तरीही १९३९ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळाले ते कर्व्हबॉलचा जनक म्हणूनच.

११/
त्या काळचे नियम पिचरला अनुकूल नव्हते. चेंडू कमरेखालून, हात सरळ ठेवून टाकावा लागे. १८७२ मध्ये मनगटाच्या झटक्याला मुभा मिळाली. १८८४ मध्ये नॅशनल लीगने खांद्यावरून चेंडू फेकण्यास परवानगी दिली. पिचर फार प्रबळ होऊ लागले, तेव्हा १८९३ मध्ये त्यांना मागे सरकवून अंतर ६० फूट ६ इंच करण्यात आले आणि ते आजतागायत कायम आहे. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येईल.

१२/
‘चेंडू वळतच नाही’ म्हणणारे तेव्हाही होते. १८७७ मध्ये सिनसिनाटी येथे एक जाहीर प्रात्यक्षिक झाले. एका रेषेत अडथळे उभे करून पिचरांनी चेंडू एकाच्या एका बाजूने आणि पुढच्याच्या दुसऱ्या बाजूने काढून दाखवला. योगायोग असा, की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांनी टेनिस चेंडूच्या वाकड्या मार्गावरील आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. या बळाला माग्नुस यांचे नाव जोडले गेले, ते या निबंधापासून. मैदान आणि प्रयोगशाळा एकच प्रश्न सोडवत होती, मात्र दोघींची गाठ पडली नव्हती.

१३/
एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांना गोल्फचे वेड होते. उत्तम फटका मारलेला गोल्फचा चेंडू इतका वेळ हवेत कसा तरंगतो? उलट्या फिरकीमुळे त्याला वरच्या दिशेने आधार मिळतो, हे त्यांनी दाखवून दिले. फिरकी मोजण्याची त्यांची युक्ती साधी होती. चेंडूला लांब फीत जोडायची, चेंडू मारायचा आणि मग फितीला पडलेले पीळ मोजायचे. ही फीत पुढे पुन्हा येणार आहे.

१४/
हवा नेमके काय करते, याचे उत्तर मिळण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. १९०४ मध्ये लुडविग प्रांटल यांनी सीमास्तराची संकल्पना मांडली. उडत्या चेंडूला लागून हवेचा एक पातळ थर असतो. तो थोडे अंतर चेंडूच्या पृष्ठभागासोबत जातो आणि मग सुटतो. चेंडूमागे हवेची खळबळती शेपटी तयार होते. चेंडू फिरत नसेल, तर शेपटी साधारण सरळ राहते.

१५/
चेंडू फिरत असेल, तर जी बाजू समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध जाते, तिच्यावरून हा थर लवकर सुटतो. हवेसोबत जाणाऱ्या बाजूवरून उशिरा. परिणामी शेपटी एका बाजूला झुकते. चेंडूने हवा एकीकडे ढकलली, म्हणजे हवा चेंडूला दुसरीकडे ढकलणारच. हा न्यूटन यांचा तिसरा नियम. बेसबॉलच्या चामड्यावरची १०८ दुहेरी टाक्यांची उंच शिवण हवेवरची ही पकड अधिक मजबूत करते.

१६/
कर्व्हबॉलला पिचर पुढच्या दिशेने फिरकी देतो. शेपटी वर झुकते, चेंडू खाली खेचला जातो आणि गुरुत्वाकर्षणाने पडला असता त्याहून अधिक पडतो. फिरकीचा अक्ष तिरपा असेल, तर तो बाजूलाही सरकतो. वेगवान फास्टबॉलला याउलट मागच्या दिशेने फिरकी असते, म्हणून तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो. बॅटरला तो ‘वर उसळला’ असे वाटते. प्रत्यक्षात तोही खालीच येत असतो, फक्त जरा कमी.

१७/
हे सगळे घडते किती वेळात? ताशी ९० मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर होम प्लेटपर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. बॅट फिरवण्यासच सुमारे ०.१५ सेकंद लागतात. चेंडू ओळखणे, तो कोठे येईल याचा अंदाज बांधणे आणि मारायचे की सोडायचे हे ठरवणे, या साऱ्यासाठी बॅटरकडे उरतो पाव सेकंद. बॅट आणि चेंडू यांचा स्पर्श तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच टिकतो.

१८/
या पाव सेकंदाचे मोल प्राणांइतके असू शकते. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेज याने फेकलेला चेंडू क्लीव्हलँडचा रे चॅपमन याच्या डोक्यावर आदळला. दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन मरण पावला. बॅटर तेव्हा शिरस्त्राण घालत नसत आणि सामन्यात मळलेला, काळवंडलेला चेंडूच दीर्घकाळ वापरात राही. या घटनेनंतर चेंडू स्वच्छ आणि पांढरा असावा याकडे कटाक्षाने लक्ष दिले जाऊ लागले. चेंडू दिसणे किंवा न दिसणे हा केवळ धावांचा प्रश्न नव्हता.

१९/
पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी बेब रूथ या महान बॅटरची चाचणी घेतली. डोळ्यांची चपळता, हातांची स्थिरता, प्रतिक्रियेचा वेग या कसोट्यांत तो सामान्य माणसापेक्षा बराच सरस ठरला. फटक्याचे रहस्य केवळ दंडातील बळात नाही, ते डोळा आणि मेंदू यांच्या मेळात आहे, हे प्रयोगशाळेने प्रथमच इतक्या ठळकपणे मांडले.

२०/
या पार्श्वभूमीवर १९४१ चा तो कौल पाहावा. छायाचित्रे खोटी नव्हती. त्यांच्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा होता. खेळाडू सांगत होते की चेंडू प्लेटजवळ एकाएकी ‘तुटतो’. छायाचित्रांत मात्र कोठेही एकाएकी वळण नव्हते, होती एक मंद, सलग रेषा. ‘तुटणे’ दिसले नाही, म्हणून ‘वळणे’ही नाही असे मानले गेले. दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले होते.

२१/
हा गुंता सोडवला ८४ वर्षांच्या एका शास्त्रज्ञाने. लायमन ब्रिग्ज हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे निवृत्त संचालक. १९३९ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युरेनियम समितीची धुरा सोपवली होती ती त्यांच्याचकडे. निवृत्तीनंतर त्यांनी बेसबॉलचे जुने प्रेम विज्ञानाच्या कामी लावले. वॉशिंग्टन सेनेटर्स संघाचे पिचर त्यांच्या मदतीला आले. चेंडूला एक चपटी फीत जोडली, पिचरने चेंडू फेकला, कॅचरने झेलला आणि ब्रिग्ज यांनी फितीचे पीळ मोजले. टेट यांची युक्ती पुन्हा कामी आली होती.

२२/
मग ब्रिग्ज यांनी फिरता चेंडू ६ फुटी वातबोगद्यात आडव्या झोतातून खाली सोडला आणि तो किती बाजूला सरकतो हे मोजले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिचर आणि बॅटर यांच्यामधील अंतरात कर्व्हबॉल फिरकीनुसार सुमारे १० ते १७ इंच वळू शकतो. होम प्लेटची रुंदीही १७ इंचच असते. दृष्टिभ्रमाचा आरोप निकाली निघाला. खेळाडू खोटे बोलत नव्हते.

२३/
ब्रिग्ज यांच्या प्रयोगांतून आणखी एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. शिवण नसलेला गुळगुळीत चेंडू नेमका उलट दिशेला वळत होता! म्हणजे केवळ फिरकी पुरेशी नाही, चेंडूचा पृष्ठभागही निर्णायक आहे. क्रिकेटप्रेमींना हे परके वाटणार नाही. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत तरंगत बाजूला सरकतो, तो मॅग्नस परिणामाने. वेगवान गोलंदाजाचा स्विंग मात्र मुख्यतः तिरप्या धरलेल्या शिवणीने घडवलेला असतो.

२४/
मग ‘एकाएकी तुटण्या’चे काय? त्याचा अर्धा उलगडा साध्या गणितात आहे. बाजूचे बळ सतत सारखे असेल, तर विचलन वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या वाटेवर एकूण वळणाचा केवळ चौथा हिस्सा झालेला असतो, उरलेले तीन हिस्से दुसऱ्या अर्ध्यात. १६ इंच वळणाऱ्या चेंडूचे ४ इंच पहिल्या टप्प्यात आणि १२ इंच दुसऱ्या. बॅटरने निर्णय घेतलेला असतो तो त्या ४ इंचांवर.

२५/
उरलेला अर्धा उलगडा डोळ्यात आहे. प्लेटजवळ येणाऱ्या चेंडूचा पाठलाग करणे डोळ्याला जमत नाही. व्यावसायिक खेळाडूची नजरही शेवटच्या सुमारे साडेपाच फुटांत मागे पडते, असे टेरी बाहिल यांनी १९८४ मध्ये दाखवले. चेंडू नजरेच्या मध्यातून कडेला सरकला, की मेंदू त्याची फिरकी आणि त्याची वाटचाल यांची गल्लत करतो. आर्थर शपिरो आणि सहकाऱ्यांनी हे दाखवणारी आकृती तयार केली आणि २००९ च्या सर्वोत्तम दृष्टिभ्रम स्पर्धेत ती पहिली आली. म्हणजे वळण खरे, ‘तुटणे’ भासमान.

२६/
हवा हेच कारण असेल, तर हवा विरळ झाल्यावर वळणही कमी व्हायला हवे. याची ग्वाही समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचावरील डेन्व्हर शहर देते. तेथे चेंडू कमी वळतो आणि फटकावलेला चेंडू अधिक दूर जातो. बॅट चेंडूच्या मध्याच्या किंचित खाली लागली, की चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि तेच मॅग्नस बळ त्याला अधिक काळ हवेत धरते. पिचरचे शस्त्र आणि बॅटरचा षटकार, दोहोंमागे एकच हवा.

२७/
१९८७ मध्ये नॅशनल लीगच्या अध्यक्षांनी रॉबर्ट अडेअर यांच्याकडे लीगचे ‘भौतिकशास्त्रज्ञ’पद सोपवले आणि मैदान व प्रयोगशाळा अखेर उघडपणे एकत्र आली. अडेअर येल विद्यापीठात प्राध्यापक होते. फोर्ट सेंट डेव्हिडच्या खरेदीवेळी मद्रासचा गव्हर्नर असलेल्या एलिहू येलच्याच नावाचे हे विद्यापीठ!

२८/
या वादात प्रत्यक्ष अनुभवाला विद्वत्तेने दोनदा नाकारले : एकदा ऑयलर यांच्या लेखणीने, एकदा कॅमेऱ्याच्या भिंगाने. दोन्ही वेळा अंतिम निवाडा केला तो मोजमापाने. कागदाच्या पडद्यावरील छिद्रे आणि फितीचे पीळ, एवढीच त्याची साधने होती. आणि निवाडा एकतर्फी नव्हता. चेंडू वळतो, हे खेळाडूंचे म्हणणे खरे ठरले. डोळा फसतो, हे शंका घेणाऱ्यांचेही. दोन साक्षी परस्परविरोधी वाटल्या, तर त्या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत का, हे इतिहासाच्या अभ्यासकाने आधी तपासावे.

(समाप्त)